चमकीच्या शेजारी

पार्लरच्या खुर्चीत मान मागे टाकून बसलं की चेहरा आपला राहत नाही. डोळे मिटलेले, कपाळ ताणलेलं, आपलीच भुवई आपण दोन बोटांनी वर ओढून धरलेली, डोक्यावर ट्यूबलाइट. दोरा दातात धरून भुवया कोरणारी मुलगी आपल्याकडे जितकं निरखून बघते, तितकं घरातलं माणूस वर्षानुवर्षं बघत नाही. मालाडला ऑर्लेमच्या चर्चवरून थोडं पुढे गेलं की एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर माझ्या एका विद्यार्थिनीचं पार्लर आहे. शाळेत मी तिला पी.टी. शिकवायचे. ती अजून मला 'बाई' म्हणते आणि पैसे घेताना अजून संकोचते. त्या दिवशी मध्येच दोरा थांबवून ती म्हणाली, "बाई, हा तीळ तुमचा नाही."

"अगं, माझ्याच नाकावर आहे ना?"

"आहे, पण तुमचा नाही. कवायतीला तुम्ही समोर उभ्या असायच्या. आम्ही तासभर तुमच्या तोंडाकडेच बघत असायचो. चमकीच्या बाजूला काही नव्हतं."

शिक्षकाचा चेहरा हा फार बघितला गेलेला चेहरा असतो. चाळीस-पन्नास मुलं रोज त्याच्याकडे टक लावून बसतात, कंटाळली की जास्तच. कुठल्या बाईंच्या हनुवटीवर केस आहे, कुठले सर रागावले की कोणता डोळा बारीक करतात, हे त्यांना पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ असतं. तेव्हा ती म्हणते ते खरंच असणार, असं मी लगेच धरून चालले.

माझं नाक डावीकडे टोचलेलं. लहानपणी सोमवार बाजारातल्या एका सोनारानं सोन्याच्या तारेनं टोचलं होतं. वर हळद-तेल लावून घरी पाठवलं, आणि तेव्हापासून त्या जागी काही ना काही आहेच. आधी तार, मग बारीक मोरणी, लग्नानंतर हिऱ्याची चमकी. त्या चमकीच्या गालाकडच्या अंगाला हा ठिपका कधी येऊन बसला कोण जाणे. काळा म्हणावा तर धड काळा नव्हता. कडेनं जरासा उंच, मधे बसका, आणि खिडकीशी जाऊन आरशात पाहिलं तर कडेवर मोत्याची झाक. टॉवेलनं खसखसून तोंड पुसलं की रक्ताचा एक थेंब यायचा. खपली धरायची, दोन-चार दिवसांत पडायची, आणि पुन्हा तेच.

सोसायटीत बातमी जायला वेळ लागत नाही. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी बिबा सांगितला. कोकणातल्या बायकांचा बिब्यावर भारी विश्वास. तापवलेल्या बिब्याचं तेल चामखिळीवर टेकवलं की कातडी भाजते, खपली धरते आणि कधीकधी चामखीळ गळून पडते. चेहऱ्यावर डाग मात्र जन्मभर राहतो. तळमजल्यावरच्या गुजराती बेननी चुना आणि धुण्याचा सोडा सांगितला. एकीनं घोड्याचा केस बांधायला सांगितलं. नाकाला सपाट चिकटलेल्या ठिपक्याला केस बांधायचा कुठे, आणि मालाडमध्ये लग्नाच्या वरातीशिवाय घोडा आणायचा कुठून? घराजवळच्या डॉक्टरांनी मलम दिलं. मलमानं खपली मऊ झाली, एवढंच. शेवटी त्वचारोगतज्ज्ञाकडे मला ढकललं ते पार्लरवालीनंच. दर महिन्याला भुवयांना गेले की पहिला प्रश्न, "बाई, दाखवलंत?"

ऊन मी भरपूर खाल्लेलं. आमच्या शाळेच्या मैदानावर झाड नव्हतं. एक होतं, पण ते मुख्याध्यापकांच्या खोलीसमोर, आणि त्याखाली त्यांची स्कूटर. पी.टी.चे तास वेळापत्रकात नेहमी उरलेल्या जागी टाकतात, म्हणजे मधल्या सुट्टीच्या आधी नाहीतर दुपारी. मालाडचं ऊन तसं पुण्या-नागपुरासारखं टोचत नाही. खाडी जवळ, हवा दमट, घामानं अंग भिजलेलं असतं आणि त्या चिकचिकीत ऊन किती लागलं ते कळत नाही. ते कळतं संध्याकाळी, बांगडीखालची मनगटाची कातडी पाहिली की. जानेवारीत एरंगळच्या जत्रेला जावं, मार्व्याच्या धक्क्यावरून तरीत बसून मनोरीला जावं, आक्शाला मुलांची सहल न्यावी. सगळीकडे पाण्यावरून उलटं फिरून येणारं ऊन. टोपी घालायची पद्धत नव्हती. पदर डोक्यावर घेतला तर शिट्टी वाजवणारी बाई म्हणून शोभणार कशी?

त्यात आमच्या माहेरी सगळे गोरे आणि घारे. या रंगाचं जन्मभर इतकं कौतुक ऐकलं की तो जणू मीच कमावला होता. त्वचेच्या डॉक्टरांनी मात्र कागदावर पेननं एक आडवा छेद काढून दाखवला तेव्हा या कौतुकाची दुसरी बाजू समजली. आपल्या कातडीच्या वरच्या थराच्या अगदी तळाशी पेशींची एक रांग असते. नव्या पेशी तिथे जन्मतात, वर सरकत जातात आणि महिन्याभरात गळून पडतात. सूर्याच्या अतिनील किरणांनी बिघाड होतो तो या तळाच्या रांगेत, पेशीच्या केंद्रकात. शरीरानं त्यावर केलेला उपाय मला फार आवडला: रंगाचे कण पेशीत कुठेही विखुरलेले नसतात, ते केंद्रकाच्या वरच्या बाजूला, बरोबर सूर्याकडच्या अंगाला गोळा होतात. प्रत्येक केंद्रकावर एकेक टोपी. सावळ्या माणसाची टोपी जाड, गोऱ्याची विरलेली. लग्नाच्या जाहिरातींतून जो रंग वर्षानुवर्षं नाकारला जातोय, तोच रंग या देशातल्या बहुतेकांना त्वचेच्या कॅन्सरपासून वाचवतो. म्हणून तर आपल्याकडे शंभर कॅन्सरमागे त्वचेचे जेमतेम एक-दोन.

डॉक्टरांनी नाकावर एक छोटं, दिवा लावलेलं भिंग टेकवलं. त्याला डर्मोस्कोप म्हणतात. मोबाइल त्याला जोडून त्यांनी मला फोटो दाखवला. माझ्या नाकाचा तो प्रदेश मी प्रथमच पाहत होते. निळसर-करड्या अंडाकृती गाठी, कडेला पानाच्या टोकांसारखे तपकिरी ठसे, आणि या सगळ्यावरून गेलेल्या, फांद्या फुटत बारीक होत जाणाऱ्या लाल रक्तवाहिन्या. सुंदर होतं, खरं सांगते. ते म्हणाले, "गोऱ्या लोकांच्या देशात हा गुलाबी असतो. आपल्याकडे त्यात रंग भरतो, म्हणून सगळे तीळ समजतात." तीन मिलिमीटरच्या गोल पात्यानं एक तुकडा काढून त्यांनी फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला. अहवालात लिहून आलं: बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे त्याच तळाच्या रांगेतल्या पेशींचा कॅन्सर.

डब्लिनचे नेत्रवैद्य आर्थर जेकब यांनी १८२७ साली पापण्यांवर होणाऱ्या अशा एका व्रणाचं वर्णन केलं. हळूहळू, वर्षानुवर्षं, उंदीर कुरतडावा तसा तो कडेकडेनं खात जातो. दूरच्या अवयवांत त्याचं पसरणं इतकं विरळ की डॉक्टरसुद्धा त्याची भीती घालत नाहीत. पण आहे तिथे त्याला सोडलं तर तो कातडीखालची कूर्चा आणि तिच्याही खालचं हाड सोडत नाही. नाक, पापणीचा कोपरा, नाकपुडी आणि गालाची खाच, या त्याच्या आवडत्या जागा. माझा सहा मिलिमीटरचा होता. वरवरचा. "यापेक्षा चांगला कॅन्सर मिळत नाही," डॉक्टर म्हणाले, आणि मग स्वतःच ओशाळले.

घरी हे वाक्य पोहोचलंच नाही. अहवालातला एकच शब्द पोहोचला. आमच्या ह्यांनी त्या रात्री बँकेची पासबुकं काढली. नणंद ब्रिस्बेनला असते. तिला फोन केला तर ती म्हणाली, "वहिनी, हात्तिच्या! माझ्या शेजारणीचे आत्तापर्यंत पाच काढले. शुक्रवारी काढते, सोमवारी कामावर." तिकडे ऑस्ट्रेलियात सत्तरी गाठेपर्यंत तिघांपैकी दोघांना त्वचेचा कुठला ना कुठला कॅन्सर होतो. शाळेत टोपी नसेल तर मुलाला मधल्या सुट्टीत मैदानावर सोडत नाहीत. १९८१ साली व्हिक्टोरिया राज्यात एक मोहीम निघाली: सदरा घाला, क्रीम लावा, टोपी चढवा; टीव्हीवर एक समुद्रपक्षी नाचत-गात हे सांगायचा. नणंदेच्या नातवंडांना ते गाणं आपल्या बडबडगीतांसारखं पाठ आहे. एकच आजार, तिकडे दाढ भरून घेण्याच्या पंगतीला बसलेला आणि इकडे आमच्या दिवाणखान्यात सगळ्यांचे आवाज खाली गेलेले.

भेटायला येणाऱ्यांचा आवाज दारातूनच उतरायचा. शहाळी आली, मोसंबी आली, कुठल्याशा मठाचा अंगारा आला. "किमो कधीपासून?" "केस अजून आहेत हो!" एका बाईंनी तर माझा हात हातात घेऊन नातवाच्या मुंजीला मी असायलाच हवं, असं बजावलं. मुंज पुढच्या महिन्यात होती. आमच्याच इमारतीत आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणाऱ्या एक बाई आहेत. रिक्षा मिळेपर्यंत त्या फाटकाशी एकट्या उभ्या असतात आणि त्यांच्याकडे शहाळं कुणी नेत नाही. सहानुभूती आजाराच्या वजनानं वाटली जात नाही, हे मी घरात बसून, मोसंबी सोलत पाहत होते.

शस्त्रक्रियेआधी स्लाइड परळच्या टाटाला दाखवून आणायचं ठरलं. तपासून घेतलेलं बरं. तिथल्या लांबलचक ओसरीत रांगेला बसले आणि माझं नाक मलाच लहान वाटायला लागलं. मुंबईचा खरा कॅन्सर तोंडाचा. तंबाखूचा, गुटख्याचा, मिश्रीचा. शेजारच्या बाकावरचा तरुण मुलगा हनुवटीवर रुमाल धरून बसला होता आणि त्या रुमालाखाली हनुवटी नव्हती. त्याची आई त्याला वाटीतून पातळ पेज भरवत होती, अर्धी ओघळत होती. तिनं मला विचारलं, "तुमचं कुठे?" मी नाकाकडे बोट केलं. तिला काही दिसेना. जवळ येऊन पाहिलं आणि म्हणाली, "हे होय! हे तर जाईल." इतक्या जणांनी धीर दिला होता, पण लागू पडला तो तिचाच.

१९४१ साली हे इस्पितळ उघडलं तेव्हा तिथे विकृतिशास्त्राचं काम उभं केलं डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणाऱ्या या माणसानं रोग्यांचे कपडेसुद्धा पाहिले होते. १९४५ साली त्यांनी सहकाऱ्याबरोबर एक निबंध लिहिला, राहणीतून उद्भवणाऱ्या कॅन्सरांबद्दल. त्यात आपल्या धोतराचा कॅन्सर आहे. धोतराचा काच जिथे वर्षानुवर्षं एकाच जागी आवळलेला, तिथे कंबरेवर आधी पांढरट पट्टा, मग भेगा, मग न भरणारा व्रण. घाम, धूळ आणि घासणं. पुढे लुगड्याच्या आणि परकराच्या नाडीचंही तेच आढळलं. म्हणजे मराठी माणसाच्या कातडीचा कॅन्सर पुस्तकात नोंदला गेला तो असा, उन्हात न येणाऱ्या जागेचा. माझा त्या मानानं साहेबी.

उपचार निवडायचे होते. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. चारच वर्षांनी स्टॉकहोमला थोर स्टेनबेक नावाच्या डॉक्टरांनी एका बाईच्या नाकावरच्या कॅन्सरवर ते किरण सोडले आणि ती बरी झाली. कॅन्सर किरणांनी बरा होतो हे जगाला पहिल्यांदा दिसलं ते एका नाकावर. आता त्यात खूप सुधारणा झाली आहे, शिवाय उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजननं गोठवून टाकता येतं, वरवरच्या गाठींवर लावायची क्रीमही निघाली आहेत. पण नाकपुडीच्या जागी सगळ्यात खात्रीचं म्हणजे कापून काढणं, आणि काढलेल्याच्या कडा तपासणं. अमेरिकेत विस्कॉन्सिनला फ्रेडरिक मोस यांनी १९३० च्या दशकात याची एक फार चिकाटीची पद्धत बसवली: एक पातळ थर काढायचा, कुठल्या बाजूचा कुठला हे रंगानं खुणावून नकाशा मांडायचा, त्याची कड न् कड सूक्ष्मदर्शकाखाली बघायची आणि जिथे उरलं असेल तेवढ्याच जागेतून पुढचा थर काढायचा. आपल्याकडे ही पद्धत थोड्याच ठिकाणी आहे. माझ्या सर्जननी सांगितलं, गाठीभोवती चार मिलिमीटर निरोगी कातडी घेऊन काढू, कडा तिथल्या तिथे गोठवून तपासू आणि मगच शिवू. सहा अधिक आठ, चौदा मिलिमीटर. नाकपुडी मुळात केवढी असते! टोचलेलं भोक त्या चौदात येत होतं.

आदल्या दिवशी फोटो काढले. समोरून, डावीकडून, उजवीकडून, खालून. फोटो काढणारा मुलगा सारखा म्हणत होता, "थोडं वर बघा. हनुवटी आत. आता उजेडाकडे." मला हसू येत होतं. आमच्या मालाडमध्ये चेहऱ्यांना ही आज्ञा देण्याची परंपरा जुनी. १९३४ साली हिमांशू राय आणि देविका राणींनी इथे बॉम्बे टॉकीज काढलं. म्युनिकहून आलेले योसेफ विर्शिंग तिथे कॅमेऱ्यामागे असायचे. १९३६ च्या 'अछूत कन्या'तला देविका राणींचा चेहरा पाहा, गालाच्या हाडावर उजेड कुठे थांबवायचा हे किती विचार करून ठरवलंय. आज त्या आवारात गाळे आहेत, वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात, टेम्पो उभे असतात. मी सोमवार बाजारात जाताना तिथूनच जाते. एकाच भागात, एकाच ऐंशी-नव्वद वर्षांत, उजेडानं काही चेहरे उजळले आणि काहींवर असं काही उगवलं.

शस्त्रक्रियेला भूल फक्त नाकापुरती. झोपायच्या आधी सर्जननी मला खुर्चीत बसवलं आणि जांभळं पेन हातात घेऊन म्हणाले, "काकू, जरा हसा." ऑपरेशन थिएटरच्या निळ्या झग्यात, डोक्याला टोपी घालून, मागणीवरून हसणं सोपं नाही. पण नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी हसल्याशिवाय नीट दिसत नाही, आणि त्या घडीतून ते गालाचं कातडं घेऊन नाकावर वळवणार होते. व्रण घडीत लपतो. "पुरुषांना कधीकधी पंचाईत होते," ते खूण करता करता म्हणाले. "गालाबरोबर दाढीही नाकावर येते."

सुईची आग झाली, मग नाक माझं उरलं नाही. डोळ्यांवर हिरवं कापड. नंतरचं सगळं आवाजांनी कळलं. चिमटा स्टीलच्या ताटलीत पडल्याचा आवाज, रक्त थांबवणाऱ्या यंत्राची टिक आणि लगेच जळका वास. "बाराच्या काट्यावर टाका घातलाय," सर्जन कुणाला तरी म्हणाले. काढलेल्या तुकड्याची वरची बाजू कुठली हे पलीकडच्या खोलीतल्या डॉक्टरना कळावं म्हणून त्याच्या कडेला रेशमाचा एक टाका घालतात, घड्याळातल्या बारावर. तो तुकडा गेला, आणि मी नाकाला चौदा मिलिमीटरचा खड्डा घेऊन पडून राहिले. तुकडा गोठवून, कापून, रंगवून बघायला अर्धा तास तरी जातोच. तेवढ्यात सगळे लिंक रोडच्या ट्रॅफिकबद्दल बोलत होते. मेट्रो झाली तरी मिठ चौकीला गाडी हलत नाही, यावर सर्जन, भूलतज्ज्ञ आणि सिस्टर या तिघांचंही एकमत होतं.

मला तेव्हा पुण्याचा कावसजी आठवत होता. त्याची गोष्ट मी मुलांना सांगायचे, पावसामुळे मैदान नसलं की. १७९२ च्या लढाईत हा मराठा शेतकरी इंग्रजांच्या सैन्यात बैलगाडीवर होता. टिपूच्या हाती सापडला, नाक आणि एक हात कापून त्याला सोडलं. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका वीटवाल्या कुंभारानं त्याला नाक करून दिलं. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज सर्जननी, थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले यांनी, ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ ला तिची हकीकत चित्रासकट छापून आली. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून माप घ्यायचं, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, त्याभोवती रेघ ओढायची. कपाळाचं कातडं तेवढं सोडवून, भुवयांच्या मधली पट्टी न तोडता, उलटं वळवून खाली आणायचं. सांधा धरायला पाण्यात कालवलेला काथ, कापडाच्या पट्ट्यांवर लावून पाच-सहा पदरांचा. चार दिवसांनी काथ काढून तुपात भिजवलेली फडकी. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून कापडाच्या मऊ बोळ्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मधली पट्टी कापायची. पान लावणाऱ्या घरात काथ आणि कुठल्याही घरात तूप. औषधालयात जायलाच नको. १८१४ मध्ये जोसेफ कार्पू यांनी ही हकीकत वाचून लंडनला तसंच नाक केलं, आणि युरोपातल्या सर्जनना तो रस्ता पुन्हा सापडला.

रोग्याचं नाव उरलं, बघणाऱ्यांची नावं उरली, मासिकाचं उरलं, पण कुंभाराचं नाही. त्याच्या हाताबद्दल मला एक वाटतं. ओली वीट सुकताना किती आक्रसते हे ज्याला रोज पाहावं लागतं, त्याला सोडवलेलं कातडं किती आक्रसेल याचा अंदाज सहज येत असणार. लोक म्हणतात हे सुश्रुताचंच. थोडं आहे, थोडं नाही. सुश्रुतानं झाडाच्या पानाचं माप घ्यायला सांगितलं आणि कातडं गालाचं घ्यायला सांगितलं. कपाळाचं हे नंतरच्या कुणी तरी हातानं शोधलेलं. म्हणजे त्या टेबलावर मी सुश्रुताच्या बाजूची होते, कावसजीच्या नाही. एवढा फरक कळल्याचा आनंद नाकात खड्डा असताना व्हावा, हे माझं मास्तरीण असणं.

"कडा मोकळ्या आहेत," पलीकडून निरोप आला. मग शिवणं सुरू झालं. कातडं जवळचंच का घ्यायचं, हे नंतर सर्जननी सांगितलं. मांडीचं घेतलं तर ते नाकावर जन्मभर ठिगळ दिसतं. रंग वेगळा, जाडी वेगळी, उन्हात काळं पडण्याची तऱ्हा वेगळी. गालानं नाकाबरोबर तेच ऊन खाल्लेलं असतं.

टाके आठवड्याच्या आत निघाले. चेहऱ्याची जखम लवकर भरते, रक्त मुबलक असतं. सुरुवातीला ती वळवलेली कातडी फुगली, लालबुंद झाली, नाकावर एक उशी ठेवल्यागत. आरसा नको वाटायचा. मग ती हळूहळू बसली. गंमत पुढे होती. नाकाला बोट लावलं की स्पर्श गालावर व्हायचा. डोळे मिटून नाकावरची माशी हाकलायला गेले तर हात गालावर जायचा. ज्या नसा त्या कातडीबरोबर आल्या होत्या त्यांना आपण घर बदलल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. कित्येक महिने त्या जुन्याच पत्त्यावरून निरोप धाडत राहिल्या. डॉक्टरना सांगितलं तर म्हणाले, "होतं असं. सवय होईल." सवय मेंदूला व्हायची होती की मला, ते त्यांनी सांगितलं नाही. मला ती अवस्था आवडली होती, संपली तेव्हा चुकल्यासारखं झालं.

नथीचा प्रश्न भाच्याच्या लग्नात आला. सासूबाईंची बसरा मोत्यांची नथ तारेची, तिला भोक हवं. भोक तर फॉर्मॅलिनमधून मेणाच्या ठोकळ्यात गेलं होतं आणि आता कुठल्याशा प्रयोगशाळेच्या खणात होतं. गालावरून आलेल्या कातडीला नव्यानं टोचायला डॉक्टरांनी साफ नकार दिला. मग सोनाराकडून ती चापाची करून घेतली. तारेची नथ एकदा चापाची केली की तिची किंमत जाते, असं माझ्या जावेचं मत आहे. असेल. फोटोत फरक दिसत नाही.

आता दर सहा महिन्यांनी दाखवायला जाते. ज्याला एक झाला त्याला दुसरा होण्याचा संभव इतरांहून जास्त, म्हणून डॉक्टर चेहरा, मान, कान, हातांची पाठ सगळं भिंगानं बघतात. मीही बघते, आणि इथे जरा अती होतं. लोकलच्या लेडीज डब्यात समोर बसलेल्या बाईच्या पापणीवरून माझी नजर हटत नाही. माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यात मी कुणाचीही विचारपूस न करता त्यांच्या कानशिलांकडे बघत होते, असं पार्लरवालीनं मला नंतर सुनावलं. तिच्याकडे आता भिंतीवर आरशाशेजारी एक कागद चिकटवलेला आहे, तिच्याच अक्षरात: न भरणारी खपली, वाढणारा तीळ, रक्त येणारा ठिपका, दाखवून घ्या. भुवयांचे दर त्याच्या खाली.

बाजारातली माझी म्हावरेवाली मढची. डोळ्याखाली, गालाच्या वर, तिच्या एक काळा खरखरीत डाग. बरेच दिवस बघत होते. बोंबील, मांदेली, करंदी सगळं घेऊन झालं की तोंडापर्यंत यायचं आणि मी गिळायचे. तिची कातडी काळीभोर, टोपी जाड, डाग बहुधा वयाचाच असणार. पण एक दिवस बोललेच. ती हसली. मी पुन्हा बोलले. तिसऱ्यांदा तर तिच्या सुनेला सांगितलं. शेवटी सून तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली, सकाळभर रांगेत उभी राहिली. डॉक्टरांनी भिंग लावलं आणि सांगितलं, वयाचा डाग आहे, काही करायला नको.

पुढच्या वेळी मी पाटीसमोर उभी राहिले तर तिनं मला बसायला पाटही पुढे केला नाही.

"तुज्या नादान माजा सकालचा बाजार बुरला," ती म्हणाली, आणि मांदेलीच्या वाट्याचे वीस रुपये जास्त लावले.